आधीची चाल

सासरा सुनेला काय काय शिकवतो, याची कुणी मोजदाद करायला बसलंच तर बुद्धिबळाचा संपलेला डाव उलटा वाचणं त्यात सहसा सापडायचं नाही. या घरात मात्र तेच घडलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा सूनबाईला घोडा कसा चालतो एवढंच माहीत होतं, आणि तेही भावाशी भांडून शिकलेलं. बाबांनी तिला खेळायला फारसं शिकवलंच नाही. त्यांनी तिला खेळून झालेल्या पटासमोर बसवलं आणि विचारलं, "सांग, शेवटची चाल कुठली?"

बाबा पाणीपुरवठा खात्यात होते. जमिनीखालची गळती शोधणं हे त्यांचं काम. रस्त्यावर ओल दिसते एकीकडे, नळ फुटलेला असतो भलतीकडेच, आणि मधलं सगळं डोक्यानं काढावं लागतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी तेच डोकं पटाला जुंपलं. रोज दुपारी खालच्या मजल्यावरचे टेलरकाका खेळायला येत. डाव संपला की मोहरे जिथल्या तिथं ठेवायचे, कुणी हात लावायचा नाही. संध्याकाळी सूनबाई येऊन पट बघायची आणि मागच्या चाली ओळखायची. बाबा खुर्चीत मागे रेलून ऐकायचे. चुकली की "अंहं" एवढंच म्हणायचे, आणि त्या "अंहं"मध्ये अशी काही तुच्छता असायची की पहिले कित्येक महिने ती रडकुंडीला यायची.

पण नाद लागला. एकदा काळ्या राजाला पांढऱ्या उंटाचा शह बसला होता. तिनं बेधडक सांगितलं, उंट येऊन बसला. "अंहं." मग नीट बघितल्यावर तिच्या ध्यानात आलं, की उंट तिथं दुसऱ्या कुठून येऊच शकत नव्हता, त्याच्या बाकीच्या सगळ्या वाटा त्याच्याच माणसांनी अडवल्या होत्या. उंट हललेलाच नव्हता. त्याच्या आणि राजाच्या मधे घोडा उभा होता, तो बाजूला झाला. हे सापडलं त्या दिवशी तिला स्वयंपाकघरात भांडी घासतानाही हसू येत होतं. बाबांनी नवऱ्याला सांगितलं, "तुझी बायको तुझ्यापेक्षा हुशार आहे, तू जरा जपून राहा." आणि नवऱ्यानं ते मनाला लावून न घेता मान्य केलं, हा त्याचा चांगुलपणा.

आता घरात चिमणी आली होती. नुकती बसायला लागलेली, दोन दात आलेले, दिसेल ते तोंडात घालणारी. सूनबाई दातांच्या कवळ्या करणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. मेणात एकेक दात बसवायचा, प्लास्टरच्या जबड्यावर लावून बघायचा, जरा उंच झाला तर घासायचा. हे काम तिला मनापासून आवडायचं. बाळंतपणाची रजा वाढवून वाढवून ताणली होती, आणि लॅबच्या मालकीणबाईंनी शेवटी गोड आवाजात कळवलं होतं की पुढच्या सोमवारपासून कामावर आली नाहीस तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल. पाळणाघर परवडण्यातलं नव्हतं, आणि जवळपास चांगलंही नव्हतं. नवरा शीतगृहात पाळ्यांवर. तेव्हा बाबाच म्हणाले होते, "तू जा. मी आहे ना. नातीला सांभाळायला काय मला पदवी लागते?"

त्या वाक्यानं तिला रडू आलं होतं. माहेरच्यांनीही इतक्या सहज म्हटलं नसतं. म्हणून मग हा आठवडा रंगीत तालमीचा ठरला. दुपारी ती थोडा वेळ लॅबमध्ये जाऊन बसायची, हात पुन्हा वळतोय का बघायची, आणि चिमणी बाबांकडे. सोमवार, मंगळवार, बुधवार झकास गेले. चिमणी खुशीत, बाबा खुशीत, आणि तिच्या बोटांना मेणाचा वास लागला तशी तीही खुशीत.

गुरुवारी ती परत आली तेव्हा चिमणी झोपलेली होती आणि बाबा गॅलरीत झाडांना पाणी घालत होते. तिनं पर्स टेकवली आणि सवयीनं पटाकडे वळली.

काळ्यानं मात केलेली होती, त्यात नवल काही नाही. पाहुण्याला पांढरी, हा बाबांचा नियम. टेलरकाका रोज येत असले तरी पाहुणेच, त्यामुळे पांढऱ्यांची हार ही जवळपास रोजची. तिनं शेवटची चाल शोधायला सुरुवात केली आणि नजर पटाच्या मध्यावर अडकली. तिथं पांढरा उंट उभा होता. पांढऱ्या घरांवरून चालणारा, म्हणजे राजाशेजारचा.

हा उंट सुरुवातीला राजा आणि घोडा यांच्या मधे उभा असतो. तो तिरका चालतो, आणि त्याच्या दोन्ही तिरप्या वाटांवर एकेक प्यादं असतं. दोन्हींपैकी एक तरी प्यादं पुढं सरकल्याशिवाय उंटाला घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, कारण उंट काही उडी मारत नाही. आणि इथं ती दोन्ही प्यादी पहिल्या दिवशीसारखी आपल्या मूळ जागी उभी होती. प्यादं पुढं जातं, मागं कधीच येत नाही. म्हणजे ती हललीच नव्हती. तिनं सगळी पांढरी प्यादी मोजली. आठच्या आठ होती, म्हणजे एखादं प्यादं पलीकडे पोचून उंट झालं असेल म्हणावं तर तेही नाही.

दार बंद, खिडकी बंद, आणि माणूस अंगणात. असा डाव होऊच शकत नव्हता.

तिला आधी गंमत वाटली. मग तिनं गॅलरीच्या दाराशी जाऊन विचारलं, "बाबा, आजचा पट बघितलात का? काकांचा उंट बाहेर कसा आला?"

बाबांनी झारी खाली ठेवली. मग हसले.

"टेलरला आता दिसतंय कुठं नीट? उंट काय न् प्यादं काय, त्याला सगळं सारखं. सुरुवातीला मांडतानाच चुकला असेल."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं," बाबा म्हणाले, टेलरकाकांहून मोठे असूनही. आणि पुन्हा झारी उचलली.

उत्तर सरळ होतं. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. तरी तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. टेलरकाकांना दिसत नाही, हे तिला मान्य नव्हतं. गेल्याच आठवड्यात त्यांनी तिच्या कुर्त्याची शिवण चष्मा न लावता उसवली होती. आणि समजा नसेल दिसत, तरी बाबांना दिसतं ना. हेच बाबा, एकदा काकांचा हात नुसता हत्तीला लागला तर "लागला, आता हत्तीच हलवायचा" म्हणून अडून बसले होते, आणि त्यापायी चहा गार झाला होता. स्वतःच्या मेहुणीच्या लग्नात भटजींच्या घड्याळातली चूक काढणारा हा माणूस. तो समोरच्याचा उंट भिंतीतून चालत आलेला बघतो आणि म्हातारा आहे बिचारा म्हणून सोडून देतो?

संध्याकाळी नवरा आला. जेवणं झाल्यावर तो भांडी पुसत होता तेव्हा तिनं विषय काढला. उंट, प्यादी, सगळं समजावून सांगितलं. नवऱ्यानं ते फार मन लावून ऐकलं नाही.

"म्हणजे टेलरकाका चुकले. त्यात बाबांचं काय?"

"बाबांना कळायला हवं होतं."

"कंटाळा आला असेल त्यांना. हल्ली तो काय डाव असतो का? दोघंही अर्धे झोपेत खेळतात."

"तुला त्यांच्यात काही वेगळं वाटत नाही?"

नवऱ्यानं फडकं खांद्यावर टाकलं आणि तिच्याकडे बघितलं. "अगं, बाबांचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा तल्लख आहे. तुला सोमवारचं टेन्शन आलंय, बाकी काही नाही. पहिल्यांदा पोरीला सोडून जायचं म्हटल्यावर कुणालाही येतं."

हे तिला पटलं, किंवा पटवून घ्यायला बरं वाटलं. खरं सांगायचं तर तिला यात फार खोल जायचंच नव्हतं. खोल गेलं आणि काही हाती लागलं तर सोमवार गेला, लॅब गेली, आणि तिच्यासाठी एवढं करायला निघालेल्या माणसावर तिनंच संशय घेतला असं झालं. काही लागलं नाही तर मग बघायलाच नको, तिच्यासारखी कृतघ्न तीच. म्हणून तिनं ठरवलं, विषय संपला.

विषय काही संपला नाही. शुक्रवारी सकाळी चिमणीचे कपडे घड्या घालताना तिला एकदम दुसरंच काहीतरी सुचलं, आणि तिचे हात थांबले. बाबांचं शेवटचं "अंहं" तिनं कधी ऐकलं होतं?

ती आठवत बसली. गेल्या पावसाळ्यात एकदा, हत्तीवरून. त्यानंतर? दिवाळं निघालेला दुकानदार जसा रिकाम्या फळ्या चाचपतो तशी ती एकेक संध्याकाळ चाचपत गेली. ती सांगायची, बाबा डोळे मिटून ऐकायचे, आणि म्हणायचे, "बरोबर. शाब्बास." रोज. न चुकता. तिला वाटलं होतं, आपण तयार झालो. लॅबमधल्या मैत्रिणीपाशी तिनं फुशारकीही मारली होती, की माझं हल्ली एकदाही चुकत नाही.

कुणाचंही असं एकदाही न चुकणं शक्य आहे का?

तिनं चिमणीला उगाचच उचलून घेतलं, आणि चिमणीनं तिच्या कानातलं ओढायचा आपला नेहमीचा उद्योग सुरू केला.

त्या दिवशी लॅबला निघताना तिला टेलरकाका जिन्यातच भेटले. वर चालले होते, कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर जरा उसंत घेत. ती मुद्दाम थांबली.

"काका, एक विचारू? काल तुमचा उंट बाहेर कसा आला?"

टेलरकाकांनी आधी मागे, मग वर बघितलं. हा माणूस एरवी बोलायला लागला तर ताग्यातलं कापड संपेल पण गोष्ट संपायची नाही. आज मात्र तोंडात मूग धरल्यासारखे उभे राहिले.

"बघितलास होय तू," ते शेवटी म्हणाले.

"बघणारच ना. रोज बघते."

"तेच म्हटलं मी. तू बघशील." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि कोरडंच कपाळ पुसलं. "हे बघ पोरी, माझ्याकडून एक शब्द घेतलाय. आणि त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. तेव्हा मला विचारू नकोस."

"कशाचा शब्द? बाबांनी घेतला?"

"तुला पट वाचता येतो ना? मग वाच," टेलरकाका म्हणाले, आणि तिला ओलांडून वर गेले.

ती जिन्यात तशीच उभी राहिली. परत वर जावं, चिमणीला उचलावं आणि आजचा दिवस घरीच बसावं, असं तिला अगदी आतून वाटलं. पण मालकीणबाईंना शब्द दिला होता, एका आजोबांची कवळी आज द्यायची होती. आणि काका आहेतच की वर सोबतीला. ती गेली. लॅबमध्ये तिनं एक दात उलटा बसवला, मग काढला, मग पुन्हा उलटा बसवला. शेजारची मुलगी हसली, तीही हसली. चार वेळा घरी फोन केला. चारही वेळा बाबांनी उचलला आणि चारही वेळा आनंदानं सांगितलं की सगळं छान चाललंय, काळजी करू नकोस. चौथ्यांदा त्यांच्या आवाजात इतका ताजा आनंद होता, की आधीचे तीन फोन जणू आलेच नव्हते. त्या आनंदानंच ती घाबरली.

संध्याकाळी तिनं पटाकडे पाहिलं नाही. डोकं दुखतंय म्हणाली. बाबा म्हणाले, "मग राहू दे, पडून राहा," आणि स्वतः तिच्यासाठी चहा करून आणला. चहा चांगला झाला होता. साखर बेताची, तिला आवडतो तसा. या माणसाला काही झालेलं असू शकतं का? ती कपाकडे बघत राहिली आणि आपल्यालाच दूषणं देत राहिली.

शनिवारी नवऱ्याची सकाळची पाळी लांबली, आणि लॅबमध्ये अर्धा दिवस होता. जाताना तिनं बाबांना सगळं दोनदा सांगितलं. काका लवकर येऊन जाणार आहेत. ते गेल्यावर चिमणीला उकडलेलं गाजर कुस्करून द्यायचं, मग झोपवायचं. बाबांनी मान डोलावली. "तू काय मला पहिल्यांदा बघतेस का?" ते म्हणाले. ती निघाली, आणि साऱ्या रस्ताभर तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आज शहानिशा करायची. कशी करायची तेही तिला सुचलं होतं, आणि ते इतकं सोपं होतं की सुचलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

परत आली तेव्हा चिमणी जागी होती, गादीवर बसून स्वतःच्या मुठी चोखत होती. डोळे लाल, रडून थांबलेली, आणि आईला बघताच पुन्हा सूर लावणारी. सूनबाईनं तिला कडेवर घेतलं. बाबा पटापाशी बसले होते, तिची वाटच बघत.

"ये. बघ, पट तसाच ठेवलाय. सांग."

तिनं पट बघितला. आज सगळं रीतसर होतं. पांढरा राजा कोपऱ्याजवळ, त्याला अगदी खेटून काळा वजीर, आणि दूरच्या तिरप्या रेषेवरून काळा उंट वजिराच्या पाठीशी. राजाच्या शेजारच्या घरातून शह दिलाय, मधे कुणी हलायला जागाच नाही, म्हणजे शेवटचा वजीरच हलला. नवशिक्यालाही सांगता आलं असतं.

तिनं वजिराकडे बघितलं नाही. बाबांच्या बाजूच्या अगदी कडेच्या काळ्या प्याद्यावर बोट ठेवलं. ते प्यादं आपल्या मूळ जागी उभं होतं. डाव मांडला तेव्हा होतं तिथंच. संपूर्ण डावात त्याला कुणी हातही लावला नव्हता, लावला असता तर ते तिथं नसतं. पटावरच्या कुठल्याही मोहऱ्याची शेवटची चाल असू शकली असती एकवेळ, या प्याद्याची कधीच नाही.

"काळ्याची शेवटची चाल," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचा आवाज परका वाटला, "या प्याद्याची."

मनातल्या मनात ती म्हणत होती, अंहं म्हणा. बाबा, एकदा अंहं म्हणा. हवं तर हसा, हवं तर नवऱ्याला सांगा की तुझी बायको मठ्ठ आहे.

बाबांनी डोळे मिटले होते. त्यांनी सावकाश मान हलवली.

"बरोबर," ते म्हणाले. "शाब्बास."

चिमणी कुरकुरत होती. सूनबाईला तिला थोपटायचं भान राहिलं नाही. टेलरकाकांचा उंट तिला आता लख्ख कळला. त्यांनी तो चुकून बाहेर काढलाच नव्हता. मित्राला शब्द दिला होता, म्हणून तोंडानं सांगता येत नव्हतं, म्हणून त्यांनी डाव संपल्यावर भिंतीतून उंट काढला आणि तिच्यासाठी पटावर ठेवून दिला. बाबांना कळलं तर बरंच, नाही कळलं तर सुनेला तरी कळेल.

चिमणीची कुरकुर वाढली तसे बाबांनी डोळे उघडले. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग तिचं बोट अजून ज्या प्याद्यावर होतं त्याच्याकडे. ते बराच वेळ त्या प्याद्याकडे बघत राहिले. नजर तीच जुनी, गळती शोधणारी. समोर जे आहे त्यावरून त्यांना अजून सगळं कळत होतं.

"हे हललेलंच नाही," ते म्हणाले.

"नाही."

"तू मुद्दाम सांगितलंस."

तिला हो म्हणवेना. तिनं नुसती मान डोलावली आणि तिचे डोळे भरून आले. बाबांना तिचा राग आला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"टेलर बोलला?"

"नाही बाबा. काका एक अक्षर बोलले नाहीत."

"मग बरं." त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले. "माझ्या काही लक्षात राहत नाही गं. जुनं सगळं आहे. कुठल्या चौकात कुठला नळ, ते अजून सांगेन. पण दुपारचं संध्याकाळी नसतं. टेलर येऊन गेला हे मला मोहरे हललेले बघून कळतं. तू चाली सांगतेस, त्या मी ऐकत बसतो. तू सांगितलं की मला कळतं, आज मी असा खेळलो. छान खेळलो असं वाटतं."

"मला का नाही सांगितलंत? आम्हाला कुणाला तरी?"

"सांगितलं असतं तर तू कामाला गेली असतीस?" बाबा म्हणाले. मग ओशाळून पुढे म्हणाले, "आणि मला वाटलं, जमेल. घर ओळखीचं आहे. खुणा बघायच्या आणि ओळखायचं. दांडीवर ओला लंगोट दिसला, म्हणजे बदललाय. चहाचं भांडं गरम, म्हणजे चहा झालाय. आजवर चुकलं नाही माझं."

सूनबाईच्या खांद्यावर चिमणी आता ओरबाडल्यासारखी तोंड घासत होती. मान वळवून वळवून काहीतरी शोधत होती. सूनबाईला विचारायची भीती वाटली, आणि तरी तिनं विचारलं.

"बाबा, दुपारी हिला गाजर दिलंत?"

बाबांनी वळून स्वयंपाकघराकडे बघितलं. जिथं बसले होते तिथून ओटा दिसत होता. त्यांनी तो पटासारखाच बघितला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, घाई न करता. आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"दिलंय," ते म्हणाले. "ती बघ वाटी. धुवून पालथी घातलेली आहे. चमचापण धुतलेला. म्हणजे दिलंय, आणि मागचं आवरूनही ठेवलंय."

"ती वाटी सकाळी मी धुतली होती, बाबा. जाताना मीच पालथी घालून गेले."

सूनबाई उठली, ओट्याशी गेली. शेगडीवरच्या पातेल्यावर तिनं ठेवलेलं झाकण तसंच होतं, आत उकडलेले गाजराचे तुकडे तसेच, गार. तिनं एका हातानं ते कुस्करायला घेतले. निम्मं बाहेर सांडत होतं. पहिला चमचा तोंडाशी नेला तशी चिमणीनं तो दोन्ही हातांनी धरला आणि हावरटासारखा ओढला. सूनबाईनं कालचं, परवाचं आठवायचा प्रयत्न केला, आणि मग तो सोडून दिला. त्या दिवसांचं आता कुणीच काही सांगू शकलं नसतं.

बाबा मागे येऊन उभे राहिले होते. जवळ आले नाहीत. दाराच्या चौकटीला धरून, नात एकेक घास कसा गिळते ते बघत होते. सूनबाईला त्यांच्यावर ओरडावंसं वाटत होतं, आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटत होतं, आणि या दोन्हीतलं काही तिला जमलं नाही. ती चमचा भरत राहिली.

"त्याला फोन लाव," बाबा म्हणाले.

"येऊ दे ना त्याला घरी. जेवणं झाली की निवांत बोलू. मी असेन तुमच्याबरोबर."

"नाही. सोमवारी पोरीला माझ्याकडे ठेवायचं नाही, हे मीच सांगणार त्याला. माझ्या तोंडानं." त्यांनी हात पुढे केला. "पण आत्ता लाव. तो घरी येईपर्यंत माझ्या लक्षात राहणार नाही."